जादूच्या पोस्टरची कड कापू नका

अलिबाग असो, रत्नागिरी असो की कुडाळ, फ्रेमच्या दुकानात जुना कागद नेला की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "कडा सरळ करून देऊ ना?" तुम्ही हो म्हणायच्या आत पट्टी ठेवून कटर फिरतो, आणि तळाची अर्धा-पाऊण इंचाची पांढरी पट्टी केराच्या टोपलीत जाते. देवादिकांच्या जुन्या ओलिओग्राफचं, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील तसबिरींचं, असंच झालं. जादूच्या खेळांची जुनी पोस्टरं आता लिलावांतून आणि ऑनलाइन खरेदीतून इकडेही येऊ लागली आहेत, त्यांचंही तेच होतं. माझ्या मते अशा पोस्टरचा सगळ्यात मोलाचा भाग तीच पट्टी आहे. चित्र परत छापता येतं, पण कड एकदा गेली की त्या कागदाची साक्षच गेली.

एक उदाहरण घ्या. डोक्याला फेटा, समोर रोखलेले डोळे, भोवती लाल-काळा रंग आणि इंग्रजीत नाव: अलेक्झांडर, 'सगळं जाणणारा माणूस'. हा क्लॉड अलेक्झांडर कॉनलिन, अमेरिकन माणूस, १८८० ते १९५४. लोकांनी पाकिटात बंद केलेले प्रश्न न उघडता ओळखायचे आणि स्फटिकाच्या गोळ्यात बघून उत्तरं द्यायची, हा त्याचा खेळ. त्याचं पोस्टर बघणाऱ्याला ते अमेरिकेतच छापलेलं वाटतं. पण त्याच्या पोस्टरांतली कितीतरी 'अव यागा, मुंबई' या नावाने छापलेली आहेत, साधारण १९१५ ते १९२० या काळात. पूर्वेकडचं गूढ अमेरिकेत विकणाऱ्या माणसाचं पोस्टर आपल्या मुंबईत दगडावरून छापलं गेलं, हे चित्राकडे बघून कळत नाही. ते कळतं तळाच्या पट्टीवरच्या, छापखान्याच्या नावाच्या बारीक ओळीतून.

सिनसिनाटीचा स्ट्रोब्रिज, क्लीव्हलँडचा ओटिस, हॅम्बुर्गचा अडॉल्फ फ्रीडलेंडर ही त्या काळातल्या छापखान्यांतली मोठी नावं. केलर, थर्स्टन आणि कार्टर हे अमेरिकन जादूगार; पहिल्या दोघांची गाजलेली पोस्टरं स्ट्रोब्रिजची, कार्टरची बरीचशी ओटिसची. फ्रीडलेंडर १८७२ पासून छापत होता, आणि सर्कस, जादू, कसरतीचे खेळ धरून त्याच्या पोस्टरांचे अनुक्रमांक नऊ हजारांच्या वर गेले. हा अनुक्रमांक कडेलाच असतो आणि त्यावरून साल बऱ्यापैकी बांधता येतं. कड कापलेलं फ्रीडलेंडर म्हणजे सातबारा हरवलेली जमीन.

कडेबरोबर मापही जातं. अमेरिकन 'वन शीट' साधारण २८ बाय ४२ इंच. दुकानाच्या काचेत लावायचं जाड 'विंडो कार्ड' १४ बाय २२. ब्रिटिश वळणाचं 'डबल क्राउन' २० बाय ३०, आणि आपल्याकडचे छापखानेही पुढे कितीतरी वर्षं याच मापाच्या कागदावर चालले. नव्या नकला बहुतेक २४ बाय ३६ किंवा त्याहून लहान असतात, कारण आजच्या फ्रेमा त्या मापात सहज मिळतात. म्हणून विकत घेताना आधी टेप लावावा. मात्र जुन्या मालकाने दोन्ही बाजूंनी इंच-इंच कापलं असेल तर ही कसोटीच निकामी होते, आणि खरं पोस्टरही संशयाने बघावं लागतं.

अस्सल-नक्कल ओळखायची तर छपाई कशी होत होती ते डोळ्यांपुढे हवं. झेनेफेल्डरने १७९० च्या दशकात बव्हेरियात शोधलेली ही शिळाछपाई. झोल्नहोफेनचा बारीक कणांचा चुनखडी दगड घासून त्याला रवा आणायचा, त्यावर तेलकट खडूने किंवा तेलकट शाईने उलटं चित्र काढायचं, मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून ते वरून फिरवायचं. दगड ओला केला की चित्र नसलेला भाग पाणी धरतो, चित्राचा भाग पाणी झटकतो आणि छपाईची तेलकट शाई धरतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. वन शीटच्या मापाचा तीन-साडेतीन इंच जाडीचा दगड दीड-दोनशे किलोचा होतो, म्हणजे सात-आठ रंगांच्या पोस्टरमागे टनभर दगड हलवावा लागे. आधी पिवळा, मग लाल, निळा, शेवटी काळा, असं साधारणपणे फिक्याकडून गडदाकडे जायचं आणि मध्ये रंग वाळू द्यायचा. वाळेपर्यंत हवेतला ओलावा बदलला तर कागद ताणतो किंवा आक्रसतो, आणि पुढचा रंग जागेवर बसत नाही. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर मळवलीला गेला, तिथेही हेच तंत्र होतं. तुमच्या माजघरातल्या जुन्या लक्ष्मीच्या तसबिरीत ओठांचा लाल रंग रेषेबाहेर किंचित सरकलेला दिसत असेल तर तो याच कारणाने.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि गालाच्या सावलीवर ठेवा. दगडावरच्या खडूचा ठसा वाळूसारखा, अनियमित दिसतो, किंवा हाताने दिलेले लहानमोठे ठिपके दिसतात, आणि भरीव रंग खरोखरच भरीव असतो. आजच्या ऑफसेट छपाईच्या नकलेत तिथे एकसारख्या जाळीतले चार रंगांचे ठिपके दिसतात, छोट्या फुलांसारखे जुळलेले. दुसरी कसोटी अतिनील टॉर्चची, ३६५ नॅनोमीटरवाली. साधारण १९५० नंतरच्या पुष्कळ कागदांत उजळपणासाठी रसायन असतं आणि असा कागद अंधारात निळसर पांढरा चमकतो. १९१५ चा कागद मंद पिवळट राहतो. पण टॉर्चखाली कागद चमकला नाही म्हणून पोस्टर जुनंच, असा उलटा निष्कर्ष काढू नका, नवे काही कागदही चमकत नाहीत. आणि तिसरी कसोटी बोटाची. जुनी पोस्टरं घडी घालून पाठवली जात, घडीवर कागदाचा तंतू मोडतो आणि बोटाला चर लागते. नकलेत घडी दिसते, पण ती छापलेली असते. बोट गुळगुळीत जातं.

आता चित्रात काय असतं तेही बघू, कारण तिथली भुतं नुसती शोभेला नाहीत. अमेरिकेत हाइड्सव्हिल गावी मार्च १८४८ मध्ये फॉक्स बहिणींच्या घरात टकटक ऐकू येऊ लागली, आणि मेलेल्यांशी बोलण्याची लाट उसळली. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, मॅगी फॉक्सने न्यूयॉर्कच्या भर सभेत पायाचे सांधे वाजवून तो आवाज कसा काढत होतो ते दाखवलं. तोवर त्या टकटकीवर एक मोठा धंदा उभा राहिला होता. बफेलोचे डेव्हनपोर्ट बंधू तीन दारांच्या लाकडी कपाटात समोरासमोर बसून दोऱ्यांनी बांधून घेत. मधल्या जागेत घंटा, डफ, गिटार. दारं लागली, अंधार झाला की वाद्यं वाजत, खिडकीतून हात दिसत, आणि दारं उघडली की दोघे जसेच्या तसे बांधलेले. सगळी करामत बांधून घेण्यात होती. मनगटं वळवून, स्नायू फुगवून दोरीत दोन बोटं ढील मिळवायची, तेवढी पुरते. म्हणूनच गाठी जाणणारा माणूस बांधायला आला की पंचाईत होई. १८६५ मध्ये लिव्हरपूलला तशा गाठीवरून खेळ मोडला आणि दंगा झाला. डोलकाठीवर चढणाऱ्या आपल्या कुठल्याही खलाशाने दोन मिनिटांत त्यांना अडकवून ठेवलं असतं.

त्याच वर्षी चेल्टनहॅमला जॉन नेव्हिल मॅस्कलिन या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तरुणाने खेळ बघितला. अचानक फटीतून उजेड आला आणि वाद्यं फेकणारा हात त्याला दिसला. तोच खेळ त्याने मित्र कुक याच्यासह आत्म्यांचं नाव न घेता लख्ख उजेडात करून दाखवला, आणि पुढे १८७३ पासून तीसेक वर्षं लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये त्यांचं बस्तान बसलं. हॅरी केलर तर आधी डेव्हनपोर्टांचाच सहायक. १८७३ मध्ये तो त्यांच्यापासून वेगळा झाला, आणि तेच कपाट त्याने स्वतःच्या रंगमंचावर जादू म्हणून आणलं. त्याच्या १८९४ च्या पोस्टरवर खांद्याशी बसून कानात कुजबुजणारी लाल सैतानपिल्लं आहेत. ती पुढे थर्स्टनच्या, कार्टरच्या आणि कितीतरी किरकोळ जादूगारांच्या कानाशी जाऊन बसली. या पिल्लांचा अर्थ माझ्या समजुतीने असा: मला कुणीतरी सांगतं असं तुम्हाला वाटतंय ना, वाटू द्या. दावा नाही, नकारही नाही. थर्स्टनच्या पोस्टरवर तर सरळ प्रश्नच छापला होता, आत्मे परत येतात का? उत्तरासाठी तिकीट काढा.

हुडिनीने मात्र उत्तर पोस्टरवरच छापलं. १९२६ च्या त्याच्या शेवटच्या हंगामातल्या पोस्टरवर तोच प्रश्न आहे आणि खाली, 'हुडिनी म्हणतो नाही, आणि ते सिद्ध करतो'. मला ते पोस्टर सगळ्यात जवळचं वाटतं. चित्रकला म्हणून केलर वरचढ, पण लोकांच्या दुःखाचा पैसा करणाऱ्यांविरुद्ध एवढं ठणकावून बोलणारं दुसरं पोस्टर मला माहीत नाही.

मुंबई या सगळ्यापासून दूर नव्हती. व्हरमाँटमधल्या एडी बंधूंच्या घरी प्रेतात्मे बघायला गेलेला कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हॅट्स्की फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांची थिऑसॉफिकल सोसायटी १८८२ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला जाईपर्यंत इथून चालली. चार्ल्स कार्टर, सैतानाबरोबर पत्ते खेळणाऱ्या पोस्टरचा नायक, फेब्रुवारी १९३६ मध्ये मुंबईतच वारला. पोस्टरांवर 'हिंदुस्थानी' विद्या म्हणून जे दाखवलं जाई त्यातलं पुष्कळसं लंडनच्या कार्यशाळांतलं होतं. केलरच्या पोस्टरवरच्या अधांतरी तरंगणाऱ्या राजकन्येचं नाव कर्नाक, म्हणजे इजिप्तमधल्या देवळाचं, आणि तिची युक्ती मॅस्कलिनकडून गेलेली.

पोस्टर वाचता यायचं तर आतली युक्ती माहीत हवी. बंद पाकिटांचंच बघा. चार जणांनी प्रश्न लिहून पाकिटं दिली, आणि पाचवं पाकीट प्रेक्षकांत बसवलेल्या आपल्या माणसाचं. ते गठ्ठ्यात सगळ्यात खाली राहिलं पाहिजे, म्हणून कोपऱ्याला नखाने खूण करतात. वरचं पाकीट कपाळाला लावून जादूगार आधीच ठरलेला प्रश्न सांगतो. आपला माणूस उठून "माझाच" म्हणतो. मग ताडून बघितल्यासारखं ते पाकीट फोडायचं, पण आत असतो खऱ्या प्रेक्षकाचा प्रश्न. तो मनात ठेवून दुसरं पाकीट कपाळाला लावायचं आणि पहिल्याचा प्रश्न सांगायचा. असं एकेक पुढे. खूण चुकून आपल्या माणसाचं पाकीट मध्येच आलं तर साखळी तुटते, पुढे सांगायला प्रश्नच हातात राहत नाही. वहीची युक्ती वेगळी. दुसऱ्या पानाच्या मागे पॅराफिनचं मेण चोळलेलं असतं. पहिल्या पानावर कडक पेन्सिलने लिहिलं की दाबाने तिसऱ्या पानावर मेणाची न दिसणारी अक्षरं उठतात. लिहिणारा आपलं पान फाडून खिशात घालतो, आणि आत नेलेल्या वहीवर पेन्सिलच्या शिशाची (ग्रॅफाइटची) बारीक पूड टाकून झटकली की अक्षरं काळी होतात. मऊ पेन्सिल दिली तर दाब पुरत नाही. उकाड्यात मेण मऊ पडलं तर ते सगळ्या पानाला लागतं आणि पूड टाकल्यावर पान सगळंच काळं. दगडी पाटीवर आत्मा लिहितो म्हणणारा हेन्री स्लेड १८७६ मध्ये लंडनच्या कोर्टात उभा राहिला. जादूगारांच्या पाटीत लाकडी चौकटीच्या आत नेमका बसणारा एक पातळ काळा पापुद्रा असे. तो आधी लिहिलेला मजकूर झाकतो, पाटी टेबलावर पालथी केली की गळून पडतो. पोस्टरवर पाटी, पाकीट किंवा कपाट दिसलं की त्या रात्रीच्या कार्यक्रमात काय होतं हे कळतं. पोस्टर म्हणजे एका अर्थी कार्यक्रमपत्रिकाच.

हे सगळं ज्या कागदावर आहे तो कागद मात्र जगण्यासाठी बनवलेला नव्हता. आठवडाभर भिंतीवर टिकला तरी पुरे, अशा बेताचा लाकडाच्या लगद्याचा कागद, त्यात तुरटी आणि राळेची खळ. त्यातून आम्ल तयार होतं आणि तंतू आतून तुटत जातात. भिंतीला चिकटवलेली पोस्टरं पावसात गेली. उरली ती छापखान्यात किंवा कंपनीच्या पेटाऱ्यात शिल्लक राहिलेली. आणि असा कागद आपण कोकणात आणतो, जिथे मिरगापासून मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी जोर धरते. आपल्याकडे जुलैत ती ८५-९० असते. त्यात खारा वारा: काचेवर आणि चौकटीवर बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं. म्हणून पोस्टर पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या बाहेरच्या भिंतीवर कधीच लावू नये. जांभ्याचा चिरा पाऊस पितो, आणि आतून गिलावा कोरडा दिसला तरी भिंत गार आणि ओलसर असते. माजघरातली मधली भिंत उत्तम. तिथेही फ्रेमच्या मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे किंवा लाकडाचे अर्ध्या इंचाचे ठोकळे लावा, म्हणजे मागून हवा खेळते. देवघराशेजारची जागा टाळा, धुपाचा आणि समईचा धूर वर्षभरात काचेच्या फटीतून आत बसतो.

फ्रेम करायची वेळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. श्रावणात बंद केलेली फ्रेम आतल्या कागदाचा ओलावाही बंद करते, आणि पहिल्याच गार रात्री काचेच्या आत दव येतं. कागद काचेला टेकता कामा नये. टेकला तर शाई काचेला चिकटते आणि सोडवताना चित्राचा पापुद्रा निघतो. म्हणून सुती लगद्याचा आम्लरहित माउंट, किंवा चौकटीच्या आत ५-६ मिलिमीटरची पट्टी. मागे हार्डबोर्ड किंवा प्लायवूड थेट लावू नका, दोन्हींतून आम्ल सुटतं. आधी आम्लरहित बोर्ड, त्यामागे पॉलिप्रॉपिलीनचा पन्हळी पत्रा. २८ बाय ४२ ला ४ मिलिमीटर काच घेतली तर नुसती काचच साडेसात किलोच्या आसपास भरते. जांभ्यात छोटा प्लग धरत नाही, भुगा होऊन सैल पडतो, म्हणून तीन इंची प्लग आणि दोन हुक. अॅक्रिलिक हलकं आणि अतिनील किरण अडवणारं मिळतं, पण तेही ४ मिलिमीटर घ्या, तीनचं मध्ये वाकतं.

चिकटवायचं कशाने हा सगळ्यात नाजूक मुद्दा. फेव्हिकॉल नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. सेलोटेपचा रबरी गोंद काही वर्षांत कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. गव्हाच्या सत्त्वाची खळ घरी होते. चीक नव्हे, धुतलेलं शुद्ध स्टार्च. एक वाटी स्टार्च चार वाट्या शुद्ध पाण्यात तासभर भिजवायचं, मंद आचेवर सतत ढवळत अर्धा तास शिजवायचं, गार झाल्यावर बारीक चाळणीतून तीनदा काढायचं. वापरताना पाणी घालून दह्याइतकं पातळ. पावसाळ्यात ती दोन दिवसांत आंबते, तेव्हा थोडीच करावी. जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या फक्त वरच्या कडेला, मागच्या बाजूने, बाकी तिन्ही कडा मोकळ्या. कागदाला आर्द्रतेबरोबर फुगायला-आक्रसायला जागा लागते. चारही बाजूंनी चिकटवलेलं पोस्टर जूनमध्ये लाटा धरतं आणि जानेवारीत फाटतं.

संपूर्ण पोस्टरला मागून कापड लावणं, धुणं, आम्ल काढणं ही कामं घरी करू नयेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात कागदाचे जाणकार आहेत. शिळाछपाईची शाई तेलकट असल्याने बहुधा पाण्याला दाद देत नाही, पण थिएटरच्या रबरी शिक्क्याची आणि वर चिकटवलेल्या खेळाच्या तारखेच्या पट्टीची शाई लगेच फुटते. प्रत्येक रंगावर थेंबभर पाणी आणि वर टीपकागद, एवढी चाचणी झाल्याशिवाय कुणालाही ओला ब्रश लावू देऊ नका.

फ्रेम न करता ठेवायचं असेल तर सपाट ठेवा, आणि ट्रंक जमिनीवर नव्हे, वीटभर उंचीवर, भिंतीपासून वीतभर दूर, म्हणजे वाळवीची माती चढताना दिसते. रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या ६० लिटरच्या पेटीला सव्वा किलो सिलिका जेल पुरतं. घनमीटरला २० किलो हा संग्रहालयांतला ठोकताळा. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास. पेटीत आर्द्रतामापक ठेवलाच पाहिजे, अंदाजावर जाऊ नये. वेखंड घालायचा तर पुरचुंडीत बांधून आणि कागदापासून दूर, त्यातल्या तेलाचा डाग पडतो. डांबरगोळ्या नकोत. कसर किंवा झुरळाची अंडी दिसली तर पोस्टर दोन पॉलिथिनमध्ये हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर हवेतलं पाणी जमेल. बुरशीचा कुबट वास आला तर ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी आत घासली जाते. आधी सावलीत पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून खळ्यात, वाऱ्याकडे पाठ करून, मऊ ब्रशने झटका.

आणि दुकानात देताना एवढं लिहूनच द्या: कागद कापायचा नाही. माउंटची खिडकी कागदाच्या बाहेर चारही बाजूंनी पाच मिलिमीटर राहील अशी कापून घ्या, म्हणजे फाटकी कड, घडीची टोकं, तळाची ओळ आणि तारखेची पट्टी सगळं काचेतून दिसेल. दुकानदार म्हणेल, असं वेडंवाकडं बरं दिसत नाही. त्याला तळाची ती बारीक ओळ भिंगातून वाचायला द्या.